अनोळखी हालचाल

मृण्मयीनं पुण्याहून शर्ट पाठवलाय.
निळा, अंगाला चिकटणारा,
छातीपाशी चांदीच्या दोऱ्याची पट्टी
आणि बटणाएवढी एक चकती, धुताना काढायची.
"बाबा, आमच्याकडे सगळे आकडे पंचविशीतल्या पोरांचे.
अठ्ठावन्नचं कुणीच नाही. घाला आणि पळा."

पळतो कसला.
गोल्फ क्लबच्या मैदानावर तीन फेऱ्या चालतो,
चौथीला चहाची टपरी आडवी येते.
शर्टाला तेही कळतं.
मोबाइलवर उमटतं : विश्रांती, अकरा मिनिटं.
सातपूरला एकतीस वर्षं लेथवर उभा होतो,
इतका बारीक हिशोब
कुठल्या सुपरवायझरनं ठेवला नाही.

पाठ वाकली की खांद्यापाशी थरथरतो.
म्हणजे, ताठ व्हा.

आता गच्चीचं सांगतो.
पाण्याच्या टाकीमागे सिमेंटच्या चार गोण्या,
तळाला भोकं, कडा खाली दुमडलेल्या.
दिवाळीनंतर टोपलीतल्या बटाट्यांना कोंब फुटले,
कुंदा टाकायला निघाली होती.
म्हटलं, थांब, डोळे उघडलेत त्यांचे.
एकेका फोडीवर दोन डोळे राहतील असं कापलं,
कापल्या अंगाला बंबातली राख,
दोन दिवस सावलीत, मग मातीत.

लासलगावचा साडू पोट धरून हसला :
"कांद्याच्या जिल्ह्यात राहून बटाटा?
द्राक्षं तरी लावायची, मांडवाखाली बसता आलं असतं."
हसू दे.
कांदा आपला मातीबाहेर खांदे काढून बसतो,
येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा.
बटाटा काही सांगत नाही.

पाला वर आला की मातीची भर द्यायची,
पुन्हा आला की पुन्हा भर.
गोणीची कड वीत वीत उलगडत जाते.
सकाळी सहा दहाला, पांडवलेणीकडून गार वारा येतो तेव्हा
मी वाकतो, शर्ट थरथरतो,
मी वाकलेलाच राहतो,
तो थरथरतच राहतो.
थोड्या वेळानं दोघांनाही सवय होते.

जानेवारी संपताना तिचा फोन.
"बाबा, रोज सहा दहाला तुमचे ठोके एकसष्टवर येतात.
टीव्ही बघतानाही इतके खाली नसतात.
चालणं नाही, योगा नाही, सायकल नाही,
यंत्र लिहितं, अनोळखी हालचाल. काय करता?"
माती लावतो.
"कशाला?"
बटाट्याला.
मग नुसताच टाइप केल्याचा आवाज.

"आणि मंगळवारी रात्री दोन चाळीसला
एकशे अठरा? छातीत दुखलं का? आईला देता फोन?"
म्हटलं, जिना चढलो.
खोटं नव्हतं ते.
चार मजले चढलोच होतो, स्वेटर न घालता,
निफाडच्या थंडीच्या बातम्या लागायच्या त्या आठवड्यात.

पुढचं सांगितलं नाही.
टॉर्च दातांत धरून, चोरासारखा,
तिसऱ्या गोणीत कोपरापर्यंत हात घातला,
मुळी तुटू नये म्हणून
एक बोट दुसऱ्याला विचारत खाली गेलं
आणि लागला एक.
लिंबाएवढा. गार.
अंगठा फिरवला तर साल सुटू पाहणारी, इतकी कोवळी.
उपटला नाही.
पाहिलाही नाही.
माती परत लोटली, वरून थापटली.
मायक्रोमीटर लावून हजारो नग पास केले आयुष्यात,
हा एकच, नुसत्या बोटांनी.

फेब्रुवारीत गोण्या उपड्या केल्या.
साडेसहा किलो. त्यातला एक किलो साडूला, मुद्दाम.
कुंदानं काचऱ्या केल्या, सालासकट.
मृण्मयीनं चकती परत मागवली,
शर्ट राहू द्या म्हणाली.

उजेड लागला की बटाटा हिरवा पडतो, कडू होतो.
म्हणून टोपलीवर निळा शर्ट पांघरलाय,
पट्टी आतल्या बाजूला.
आत काय चाललंय ते आता कुणाला कळत नाही.

तिकडे त्यांच्या यादीत एक ओळ वाढलीय म्हणे :
बागकाम, बसून.
मी बसत नाही, वाकतो.
पण असू दे.